प्रेक्षकांकडे पाठ करण्याची हिंमत

संगीत नाटकाच्या सुवर्णकाळात नट पुढे येऊन, प्रेक्षकांकडे पाहतच बोलत आणि गात असे. ‘वन्समोअर’ मिळाला की कथा थांबे, पद पुन्हा रंगे. बालगंधर्वांचा स्त्रीवेष पाहायला लोक गावोगावहून येत. ती कला थोरच होती, पण घरात माणसं तशी बोलत नाहीत.

१९३३ साली मुंबईत ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेनं ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणलं. नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकाचं हे श्री. वि. वर्तककृत रूपांतर. रंगवलेल्या पडद्यांच्या जागी तीन भिंतींची खोली उभी राहिली. स्त्रियांच्या भूमिका ज्योत्स्ना भोळे, पद्मा वर्तक यांनी केल्या आणि पदं मोजकीच ठेवली. अशा खोलीत नट खुर्चीत बसून समोरच्या पात्राशी बोलू शकतो, प्रसंगी प्रेक्षकांकडे पाठही करू शकतो. शिकायची खरी गोष्ट तीच होती: समोरच्याचं ऐकणं.

‘नाट्यमन्वंतर’मधल्याच के. नारायण काळे यांनी पुढे रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्कीचा अभिनयग्रंथ ‘अभिनय साधना’ या नावानं मराठीत आणला. अभिनय शिकू पाहणाऱ्या प्रत्येकानं तो आजही वाचावा.