गुरुपदाविना अध्ययन : नाशिकचा तुरुंग, १९३२-३३

शिक्षणाचा इतिहास हा बहुधा संस्थांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. शाळा केव्हा स्थापन झाली, अनुदान किती मिळाले, परीक्षेस किती विद्यार्थी बसले, यांची नोंद दप्तरांत सापडते आणि इतिहासकार तीवर विसंबतो. परंतु ज्या अध्ययनाला दप्तर नव्हते, हजेरीपट नव्हता आणि ज्यातील शिकणाऱ्यांनी आपला अभ्यासक्रम आपणच ठरविला, त्याचा इतिहास या पद्धतीने हाती लागत नाही. अशा अध्ययनाचे महाराष्ट्रातील एक ठळक उदाहरण नाशिकचे आहे. आणि ते कोणत्याही शाळेत नव्हे, तर तुरुंगात घडले.

विद्यार्थ्यांच्या हाती शिक्षणाची सूत्रे द्यावीत, हा विचार विसाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकात अनेक ठिकाणी प्रयोगरूपाने पुढे आला. ए. एस. नील यांनी १९२१ साली जी शाळा काढली आणि जी पुढे इंग्लंडमध्ये समरहिल या नावाने प्रसिद्धीस आली, तीत वर्गात बसणे ऐच्छिक होते आणि शाळेचे नियम सर्वांच्या सभेत ठरत. त्या सभेत मुलाचे मत आणि शिक्षकाचे मत सारख्याच मोलाचे असे. भारतात गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. तेथील अनुभव घेऊन ताराबाई मोडक महाराष्ट्रात परतल्या आणि १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाच्या कार्यास आरंभ केला. या सर्व प्रयोगांत एक गोष्ट समान आहे. अधिकार मुळात प्रौढाच्या हाती होता आणि त्याने तो विचारपूर्वक सोडला. म्हणजे येथील स्वातंत्र्य हे दिलेले स्वातंत्र्य होय. ज्याने दिले त्याला ते परत घेता येते, हा दोष त्याच्या मुळाशीच आहे. दात्यावाचून असे स्वातंत्र्य संभवते काय, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर शोधताना अमळनेर, धुळे आणि नाशिक हे तीन टप्पे क्रमाने पाहणे उपयुक्त ठरते.

पहिला टप्पा अमळनेरचा. पांडुरंग सदाशिव साने १९२४ साली तेथील हायस्कुलात शिक्षक झाले आणि छात्रालयाचा भारही त्यांच्याकडे आला. छात्रालयाचा चालक म्हणजे शिस्तीचा रखवालदार, ही त्या काळची रूढ कल्पना होती. साने गुरुजींनी तिला छेद दिला. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, त्यांच्या अंथरुणांच्या घड्या घालीत, आणि विद्यार्थ्यांसाठी हस्तलिखित दैनिक लिहून काढीत. येथे अधिकाराची जागा सेवेने घेतलेली दिसते. तथापि केंद्रस्थानी गुरुजीच होते. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले, तेव्हा छात्रालयाची इमारत आणि नियम मागे राहिले. छात्रालयाचा प्राण त्यांच्याबरोबर गेला. एका व्यक्तीच्या प्रेमावर उभी असलेली शिक्षणव्यवस्था कितीही उदात्त असली, तरी त्या व्यक्तीच्या अभावी ती टिकत नाही.

दुसरा टप्पा धुळ्याच्या तुरुंगाचा. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवार विनोबा भाव्यांनी तेथे गीतेवर प्रवचने दिली. गीतेचे अध्याय अठरा आणि रविवारही अठरा. ही प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली, म्हणूनच ती पुढे ग्रंथरूपाने उपलब्ध झाली. अमळनेरला जो शिक्षक होता, तोच येथे श्रोता आणि लेखनिक झाला. ही अदलाबदल लक्षणीय आहे. परंतु अध्ययनाचा आकार मात्र बदलला नाही. एक बोलणारा आणि अनेक ऐकणारे, हा आपल्याकडील कीर्तन-प्रवचनाच्या परंपरेतून आलेला आकार तसाच राहिला. श्रोत्यांच्या शंकांनी विषयाची दिशा बदलावी, अशी या आकारात अपेक्षाच नसते.

तिसरा टप्पा नाशिकचा. सविनय कायदेभंगाच्या दुसऱ्या पर्वात मुंबई इलाख्यातील अनेक राजबंदी नाशिकच्या मध्यवर्ती तुरुंगात ठेवले गेले. सप्टेंबर १९३२ मध्ये मद्रासेस पकडले गेलेले जयप्रकाश नारायण यांनाही येथेच आणण्यात आले. मिनू मसानी, अच्युत पटवर्धन, अशोक मेहता, ना. ग. गोरे आदी तरुण त्यांचे सहबंदी होते. या मंडळाची घडण पाहिली म्हणजे त्यात गुरुपद कोणाकडेच का जाऊ शकले नाही, हे कळते. जयप्रकाश अमेरिकेतील विद्यापीठांत समाजशास्त्र शिकून आणि मार्क्सवाद स्वीकारून परतलेले होते. मसानी लंडनमध्ये शिकलेले बॅरिस्टर होते आणि ब्रिटिश मजूर पक्षाच्या विचाराचा त्यांच्यावर ठसा होता. पटवर्धनांनी काशीस अर्थशास्त्राचे अध्यापन केले होते आणि गांधीविचाराशी त्यांचे नाते निकटचे होते. मेहता त्या वेळी जेमतेम एकवीस-बावीस वर्षांचे होते. वयाने, विद्येने किंवा त्यागाने कोणी एक इतरांहून इतका मोठा नव्हता की त्याचा शब्द प्रमाण मानावा. जो विषय ज्याच्या व्यासंगाचा, त्या विषयापुरते त्याने बोलावे आणि इतरांनी त्याला प्रश्न विचारावेत, हीच अशा मंडळाची स्वाभाविक रीत ठरते. येथे स्वातंत्र्य कोणी दिलेले नव्हते. ते समबलांच्या सहवासातून निर्माण झाले होते.

या अध्ययनाला प्रश्नही बाहेरून नेमून दिलेला नव्हता. चळवळ ओसरत चालली होती. ती का ओसरली, आणि शेतकरी व कामगार तिच्याशी अधिक घट्टपणे का बांधले गेले नाहीत, हा प्रश्न तुरुंगातील तरुणांचा स्वतःचा होता. त्याच्या उत्तरासाठी त्यांना अर्थशास्त्र आणि इतिहास हवा होता. अभ्यासाचे फळ लवकरच दिसले. १७ मे १९३४ रोजी पाटण्यास आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली समाजवाद्यांची परिषद भरली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबईस काँग्रेस समाजवादी पक्षाची अखिल भारतीय पातळीवर स्थापना झाली. या पक्षाच्या विचाराची मोट नाशिकला बांधली गेली, असे सामान्यतः मानले जाते. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. पुढील काळात या सहाध्यायांचे मार्ग पार भिन्न झाले. जयप्रकाशांनी १९५४ साली भूदान-सर्वोदय कार्यास जीवनदान केले. मसानी १९५९ साली स्वतंत्र पक्षाच्या संस्थापकांत होते. अशोक मेहता पुढे काँग्रेसमध्ये गेले. अच्युत पटवर्धन राजकारणातूनच निवृत्त झाले. पक्षाच्या इतिहासकाराला ही फूट वाटेल. शिक्षणाच्या इतिहासकाराला मात्र हा त्या अध्ययनाच्या सच्चेपणाचा पुरावा वाटावयास हरकत नाही. जेथे गुरू साचा देतो, तेथून निघणारे शिष्य एकसारखे असतात. येथे साचा नव्हता.

तथापि या चित्राची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. सरकारने १९३० साली बंद्यांचे अ, ब आणि क असे वर्ग पाडले होते. शिक्षण, राहणीमान आणि सामाजिक दर्जा यांवरून हे वर्ग ठरत, आणि बहुसंख्य सामान्य सत्याग्रही क वर्गात पडत. पुस्तके आणि सवड यांचा लाभ वरच्या वर्गांना अधिक होता. स्त्रिया या मंडळात असण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय भाषेचे एक कुंपण होते. बिहारचे जयप्रकाश, मुंबईचे पारशी मसानी, गुजराती मेहता, मराठी गोरे आणि पटवर्धन यांना समान असलेली विद्वत्तेची भाषा इंग्रजीच होती, आणि त्यांच्या अभ्यासाचे ग्रंथही इंग्रजीतच होते. ज्या शेतकऱ्याच्या हिताचा विचार चालला होता, त्याला तो विचार ऐकू आला असता तरी कळला नसता. मंडळाच्या आत पूर्ण समता होती. परंतु मंडळाचे दार अरुंद होते.

हा भेद अधिक स्पष्ट होतो तो एका योगायोगामुळे. त्याच तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ या पुस्तकाचा बराचसा भाग अवघ्या काही दिवसांत लिहिला. १९३५ साली ते प्रकाशित झाले. या पुस्तकाची रचना शिक्षणाच्या अभ्यासकाने पाहण्याजोगी आहे. श्याम रोज रात्री आश्रमातील सोबत्यांना आपल्या आईची एकेक आठवण सांगतो. गावची माणसेही ऐकावयास येतात. सांगणारा विद्वान म्हणून बोलत नाही आणि ज्ञानाचे मूळ असलेली आई शाळेत शिकलेली पंडिता नाही. भाषा कोकणातील घरच्या बोलण्याजवळची, वाक्ये लहान, शब्द रोजच्या वापरातले. येथे बोलणारा एकच आहे, म्हणजे आकाराने हे अध्ययन इंग्रजी जाणणाऱ्या मंडळाहून कमी लोकशाहीचे. पण दार मात्र सताड उघडे. एका बाजूस समबलांची चर्चा, जिच्यात थोड्यांनाच प्रवेश. दुसऱ्या बाजूस सर्वांना कळणारे कथन, ज्यात श्रोत्याला थोडेच बोलावयाचे. नाशिकच्या एकाच भिंतीआड या दोन अपुऱ्या गोष्टी शेजारी शेजारी नांदत होत्या.

त्यांना एकत्र आणण्याचा यत्न पुढे राष्ट्र सेवा दलाने केला. १९४१ साली एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली दलाची नव्याने उभारणी झाली. शाखा, अभ्यासमंडळ आणि कलापथक ही त्याची तीन अंगे. अभ्यासमंडळात मराठीतून वादविवाद होई आणि कलापथकातून तोच विचार गाण्या-नाट्याच्या रूपाने खेड्यात पोहोचे. चर्चेची समता आणि भाषेची मोकळीक यांचा हा सांधा पूर्णपणे जुळला असे म्हणता येणार नाही. परंतु काय जोडावयाचे आहे, हे त्यात ओळखले गेले होते.

तुरुंग हे शाळेचे आदर्श रूप होऊ शकत नाही. समरहिलच्या मुलाला वर्गातून उठून जाता येत असे. नाशिकच्या बंद्याला फाटकाबाहेर जाता येत नव्हते. परीक्षा नाही, पदवी नाही, वेळ मात्र विपुल, अशी परिस्थिती बाहेरच्या जगात सहसा लाभत नाही. तरीही या प्रकरणातून निघणारा निष्कर्ष तुरुंगापुरता मर्यादित नाही. शिकणाऱ्यांच्या हाती सत्ता आहे की नाही, हे केवळ सभेत किती हात वर होतात यावरून ठरत नाही. प्रश्न कोणाचा आहे आणि तो कोणत्या भाषेत विचारला जात आहे, या दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतात. पहिलीचे उत्तर नाशिकच्या तरुणांनी दिले. दुसरीचे उत्तर त्याच तुरुंगात लिहिल्या गेलेल्या एका मराठी पुस्तकात होते, आणि उच्च शिक्षणाने ते अद्याप पुरतेपणी वाचलेले नाही.