जलवनस्पतियुक्त मत्स्यपेटीतील तापमान नियंत्रण

जलवनस्पतियुक्त मत्स्यपेटीतील तापमान नियंत्रण म्हणजे मासे, जलवनस्पती आणि उपयुक्त जिवाणू ज्या काचेच्या पेटीत एकत्र वाढवले जातात, तिच्यातील पाण्याचे तापमान त्या सर्वांना मानवेल अशा मर्यादेत आणि शक्य तितके स्थिर राखणे होय. उष्णकटिबंधीय प्रदेशातील बहुतेक शोभिवंत मासे व पाणवनस्पती २४ ते २८ अंश सेल्सियस तापमानात चांगल्या वाढतात. थंड देशांत या विषयाचा मुख्य भाग पाणी गरम ठेवणे हा असतो. पुण्यासारख्या दख्खनच्या पठारावरील शहरात मात्र हिवाळ्यात पाणी ऊबदार ठेवणे आणि उन्हाळ्यात ते थंड करणे अशी दुहेरी व्यवस्था करावी लागते.

पार्श्वभूमी

'उष्णकटिबंधीय' या शब्दामुळे अशा माशांना कितीही उष्णता चालते असा समज होतो. तो बरोबर नाही. निऑन टेट्रासारखे मासे मूळचे अॅमेझॉन खोऱ्यातील दाट सावलीच्या ओढ्यांत राहणारे आहेत. तेथील वाहते पाणी वर्षभर फारसे तापत नाही. पश्चिम घाटातील सह्याद्रिया डेनिसोनी हा मासाही थंड, वाहत्या आणि प्राणवायूने समृद्ध पाण्यात आढळतो. २०१३ मध्ये 'सह्याद्रिया' ही नवी प्रजाती स्थापून त्याला हे नाव देण्यात आले; ते सुचवणाऱ्या संशोधकांत पुण्यातील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेच्या संशोधकाचाही समावेश होता.

मासे शीतरक्ताचे प्राणी असल्याने त्यांच्या शरीराचे तापमान पाण्याच्या तापमानानुसार बदलते. तापमान १० अंशांनी वाढले तर त्यांच्या चयापचयाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. त्यांना अधिक अन्न आणि अधिक प्राणवायू लागतो.

तापमानाचे परिणाम

प्राणवायू : पाणी जितके उष्ण, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्रसपाटीस २० अंश तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांस हे प्रमाण सुमारे ७.६ मिलिग्रॅमपर्यंत उतरते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे हवेचा दाब कमी असतो आणि हे प्रमाण आणखी सुमारे सहा टक्क्यांनी घटते. म्हणजे उन्हाळ्यात माशांची गरज वाढते, त्याच वेळी पुरवठा कमी होतो.

वनस्पतियुक्त पेटीत आणखी एक अडचण असते. वनस्पती दिवसा प्रकाशात प्राणवायू सोडतात, पण रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते आणि श्वसन चालूच राहते. त्यामुळे पाण्यातील प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. मे महिन्यात मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंडाने धापा टाकताना दिसतात, त्याचे हे प्रमुख कारण आहे. कार्बन डायऑक्साइड वायू सोडण्याची सोय असलेल्या पेटीत तो रात्री बंद ठेवणे म्हणूनच आवश्यक असते.

वनस्पती : सुमारे ३० अंशांच्या वर अनेक वनस्पतींचा श्वसनाचा वेग प्रकाशसंश्लेषणापेक्षा जलद वाढतो, साठवलेले अन्न खर्च होऊन वाढ खुंटते. उष्ण पाण्यात कार्बन डायऑक्साइडही कमी विरघळतो. पाने पारदर्शक होणे, जुनी पाने कुजणे आणि शैवाल माजणे ही उष्णतेच्या ताणाची सामान्य लक्षणे होत. शेवाळ गटातील वनस्पती व जावा फर्न यांना हा ताण लवकर जाणवतो. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला या महाराष्ट्रातील जलाशयांतही आढळणाऱ्या वनस्पती तुलनेने काटक आहेत.

अमोनिया : माशांच्या मलमूत्रातून पाण्यात येणाऱ्या अमोनियाचा विषारी, आयनरहित अंश तापमान व सामू यांबरोबर वाढतो. सामू ८ असताना २० अंशांस तो एकूण अमोनियाच्या सुमारे ३.८ टक्के असतो, तर ३० अंशांस सुमारे ७.५ टक्के. म्हणून उन्हाळ्यात जास्त खाद्य घालणे विशेष घातक ठरते.

रोग : तापमान एकाएकी उतरल्यास माशांची रोगप्रतिकारशक्ती क्षीण होते आणि अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसणारा श्वेतबिंदू रोग उद्भवू शकतो. हिवाळ्याच्या आरंभी हा रोग अधिक दिसतो.

अनुकूल तापमान

निरनिराळ्या माशांच्या गरजा भिन्न असल्याने एका पेटीत समान तापमान मानवणारे मासेच एकत्र ठेवतात. प्रचलित मर्यादा अंश सेल्सियसमध्ये पुढीलप्रमाणे आहेत :

- गोल्डफिश : १८ ते २२
- निऑन टेट्रा : २० ते २६
- गप्पी : २२ ते २८
- एंजल : २४ ते २९
- बेट्टा अर्थात फायटर : २४ ते २९
- डिस्कस : २८ ते ३०
- बहुतेक जलवनस्पती : २२ ते २८

गोल्डफिश आणि डिस्कस यांना एकत्र ठेवू नये, हे या यादीवरून स्पष्ट होते. डिस्कसच्या पेटीसाठी वनस्पतीही उष्णता सोसणाऱ्या निवडाव्या लागतात.

पुण्यातील परिस्थिती

पुण्यात एप्रिल महिन्याचे सरासरी कमाल तापमान सुमारे ३८ अंश असते आणि काही दिवशी ते ४० अंशांच्या वर जाते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान अनेकदा १० अंशांच्या आसपास उतरते. उन्हाळ्यातही दिवस आणि रात्र यांच्या तापमानात मोठी तफावत असते.

घराच्या रचनेचा परिणाम बराच होतो. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींमुळे तळमजल्यावरील खोल्यांचे तापमान संथपणे बदलते. सिमेंट काँक्रीटच्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. पेटी पश्चिमेकडील भिंतीलगत, खिडकीच्या थेट उन्हात किंवा स्वयंपाकघराजवळ ठेवू नये. पाण्याचा साठा मोठा असल्यास तापमान सावकाश बदलते. म्हणून लहान काचेच्या गोलापेक्षा दोन फूट लांबीची पेटी नवशिक्यालाही सांभाळण्यास सोपी जाते.

तापमान मोजणे

तापमापी हीटरपासून दूर, पेटीच्या दुसऱ्या टोकाला लावतात. काचेवर बाहेरून चिकटवायची रंग बदलणारी पट्टी खोलीच्या हवेमुळे काहीशी चुकीचे तापमान दाखवू शकते. पाण्यात बुडणारी तापमापी अधिक विश्वसनीय असते. एकाच वेळचे निरीक्षण पुरेसे नसते. पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास अशी दोनदा नोंद ठेवल्यास दिवसभरातील चढ-उतार कळतो. हा फरक २ ते ३ अंशांच्या आत असावा.

हिवाळ्यातील उपाय

हिवाळ्यात तापमाननियंत्रक असलेला, पाण्यात बुडणारा विजेचा हीटर वापरतात. एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवण्यास सुमारे ४.२ किलोजूल उष्णता लागते. यावरून लिटरमागे एक वॉट क्षमतेचा हीटर, उष्णता बाहेर जात नाही असे धरल्यास, पाणी एका अंशाने तापवण्यास सुमारे ७० मिनिटे घेईल. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत वाळू आणि दगड वगळता साधारण ५० लिटर पाणी मावते. पुण्यातील घरांच्या आतील थंडी बेताची असल्याने अशा पेटीला ५० वॉटचा हीटर बहुधा पुरतो.

गरजेपेक्षा फार मोठा हीटर घेणे धोक्याचे असते. नियंत्रक बिघडून हीटर चालूच राहिला, तर मोठा हीटर काही तासांतच पाणी प्राणघातक मर्यादेपर्यंत तापवतो. लहान हीटरमुळे बिघाड लक्षात येण्यास अवधी मिळतो. दाट वनस्पतींमुळे पाण्याचा प्रवाह अडतो, म्हणून हीटर गाळणीच्या प्रवाहाजवळ बसवतात.

उन्हाळ्यातील उपाय

बाष्पीभवन : माठातील पाणी ज्या तत्त्वाने गार होते, तेच तत्त्व येथे उपयोगी पडते. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लहान पंखा लावल्यास बाष्पीभवन वाढते. अर्धा लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे १,२०० किलोजूल उष्णता लागते. एवढी उष्णता ५० लिटर पाण्यातून गेल्यास ते तत्त्वतः जवळपास ६ अंशांनी गार होईल. बाहेरून उष्णता येतच असल्याने प्रत्यक्षात साधारणतः २ ते ४ अंशांचा फरक पडतो. पुण्यातील एप्रिलची हवा कोरडी असल्याने हा उपाय येथे मुंबईच्या दमट हवेपेक्षा अधिक परिणामकारक ठरतो. पंखा चालू असताना पेटीवरील काचेचे झाकण काढून, मासे बाहेर उडू नयेत यासाठी जाळी बसवतात. उडून गेलेल्या पाण्याबरोबर क्षार जात नाहीत. कूपनलिकेच्या जड पाण्याने भर घातल्यास पेटीतील क्षार साठत जातात. त्यामुळे केवळ भर न घालता ठराविक काळाने थोडे पाणी बदलणे इष्ट असते.

दिवे : दिवे दुपारऐवजी संध्याकाळी लावावेत आणि त्यांचा काळ सहा ते सात तासांपर्यंत कमी करावा.

बर्फ : पाण्यात थेट बर्फ टाकल्याने तापमान एकाएकी घसरते. गोठवलेली बंद बाटली तरंगत ठेवणे हा तात्पुरता उपाय आहे. एक किलो बर्फ वितळून २८ अंशांपर्यंत येताना ५० लिटर पाण्याचे तापमान सुमारे २ अंशांनीच उतरवतो. परंतु बाटली संपताच तापमान पुन्हा चढते.

शीतयंत्र : चिलर हा सर्वांत खात्रीचा, पण खर्चिक उपाय आहे. तो काढून टाकलेली उष्णता खोलीत सोडत असल्याने खोलीत वायुवीजन असावे लागते.

पाणी बदलताना

गच्चीवरील काळ्या टाकीतील पाणी मे महिन्यात दुपारी खूप तापलेले आणि जानेवारीत पहाटे अतिशय थंड असते. थेट नळाचे पाणी पेटीत सोडल्यास माशांना तापमानाचा धक्का बसतो. पाणी बादलीत काढून, त्यातील क्लोरीन घालवून आणि पेटीतील पाण्याशी तापमान जुळवून मगच हळूहळू ओततात. एका वेळी पाव ते एकतृतीयांश पाणीच बदलावे. पुण्यात देखभाल-दुरुस्तीसाठी अनेकदा गुरुवारी पाणीपुरवठा बंद असतो; म्हणून थोडा साठा आधीच करून ठेवणे सोयीचे ठरते.

वीजपुरवठा खंडित झाल्यास

उन्हाळ्यात वीज गेली की पंखा आणि गाळणी दोन्ही बंद पडतात. अशा वेळी तापमानाआधी प्राणवायूचा अभाव मासे दगावण्यास कारणीभूत होतो. बॅटरीवर चालणारा हवापंप यासाठी उपयुक्त असतो. तो नसल्यास भांड्याने पाणी वर घेऊन थोड्या उंचीवरून पुन्हा पेटीत ओतावे आणि वीज येईपर्यंत खाद्य देऊ नये. हिवाळ्यात पेटीभोवती घोंगडी गुंडाळल्यास उष्णता टिकते. मात्र वरचा भाग हवेसाठी मोकळा ठेवतात.

सुरक्षितता

पाण्यात हात घालण्यापूर्वी सर्व विद्युत उपकरणे बंद करावीत. जोडणीला अर्थिंग व गळतीचा प्रवाह तोडणारा सुरक्षा स्विच असावा. तारेवरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत पोहोचू नये यासाठी तारेला प्लगच्या खाली झोळ ठेवतात. हीटर नेहमी खुणेपर्यंत बुडालेला असावा. पाणी बदलण्याआधी तो बंद करून काही मिनिटे थंड होऊ द्यावा. अन्यथा पाण्याबाहेर उघडी पडलेली काच तडकते.

हे सुद्धा पहा

- मत्स्यपालन
- जलवनस्पती
- प्रकाशसंश्लेषण
- बाष्पीभवन
- पुण्याचे हवामान