हा वाजवतोय तो कोण?

एप्रिल १९२३. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं रिचमंड गाव. जेनेट या रेकॉर्ड कंपनीच्या खोलीत किंग ऑलिव्हरचा बँड एका भोंग्यासमोर उभा राहून वाजवतोय. मायक्रोफोन अजून यायचा आहे. कॉर्नेट दोन. एक खुद्द ऑलिव्हरचा, दुसरा त्याच्या २१ वर्षांच्या शिष्याचा. रेकॉर्डच्या लेबलवर बँडचं नाव आलं, शिष्याचं नाही. 'चाइम्स ब्लूज'मध्ये गुरूला बाजूला ठेवून जो कॉर्नेट एकटा पुढे येतो, तो लुई आर्मस्ट्राँगचा, हे कानानेच ओळखायचं.

जाझ ऐकताना वादक ओळखण्याचा नाद इथून सुरू होतो, असं मला वाटतं. नावं नव्हती म्हणून कान तयार झाले. त्यात कंपन्यांनी टोपणनावांची भर घातली. ड्यूक एलिंग्टनचा बँड ब्रन्सविकवर 'जंगल बँड' झाला, ओकेवर 'हार्लेम फुटवॉर्मर्स'. ओकेशी बांधला गेलेला आर्मस्ट्राँग १९२६ मध्ये व्होकॅलियनवर 'लिल्स हॉट शॉट्स' या नावाआड वाजवून गेला. पण कॉर्नेटचा सूर कुठे लपतो?

पॅरिसमध्ये शार्ल दलोने याने हे कोडं मनावर घेतलं. कोणत्या रेकॉर्डवर कोण, कोणतं वाद्य, कधी, याची जंत्री त्याने १९३६ मध्ये 'हॉट डिस्कोग्राफी' म्हणून छापली. वाजवणाऱ्याला त्याचं नाव परत देणारं हे काम मला फार मोलाचं वाटतं.

वादक ओळखण्याच्या या खेळाला छापील रूप दिलं जाझ समीक्षक लिओनार्ड फेदरने. १९४६ मध्ये 'मेट्रोनोम' मासिकात त्याची 'ब्लाइंडफोल्ड टेस्ट' सुरू झाली. पहिली परीक्षा पियानोवादक मेरी लू विल्यम्सची. डोळ्यांवर पट्टी नसे. नाव न सांगता रेकॉर्ड लावायची, समोरच्याने मत द्यायचं. पुढे ही परीक्षा 'डाउनबीट'मध्ये गेली.

त्यातली १९५१ ची एक परीक्षा विसरता येत नाही. ट्रम्पेटवादक रॉय एल्ड्रिज म्हणाला, वाजवणारा काळा की गोरा हे मी ऐकून सांगेन. जीन क्रूपा आणि आर्टी शॉ यांच्या गोऱ्या बँडांत तो वाजवत असे तेव्हा मंचावर टाळ्या मिळत, आणि बाहेर त्याच गावात हॉटेलं त्याला खोली नाकारत. त्या जखमा घेऊनच तो परीक्षेला बसला. फेदरने एकेक रेकॉर्ड लावली. एल्ड्रिजचे अंदाज बरोबर कमी आले, चुकले जास्त, आणि त्याने ते कबूलही केलं. त्याच्या रागात काही खोटं नव्हतं. फक्त ज्या वर्णावरून त्याला दारातून परत धाडलं जाई, तो सुरात सापडत नव्हता. सुरात माणूस सापडतो: कोलमन हॉकिन्सचा भरदार, थरथरता सॅक्सोफोन आणि लेस्टर यंगचा हलका, जवळजवळ कंपरहित सॅक्सोफोन चार सुरांत वेगळे कळतात.

आपल्याकडेही हे कोडं पडून आहे. संगीतकार सी. रामचंद्रांचा साहाय्यक, गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आर्मस्ट्राँगला आदर्श मानून वाजवायचा. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटात तो पडद्यावर दिसतो तरी. त्या काळच्या इतर गाण्यांत मध्येच एखादं ट्रम्पेट उसळून येतं, आणि रेकॉर्डवर गायकाचं नाव असतं, संगीतकाराचं असतं. मी सुई उचलून तो तुकडा पुन्हा लावतो.