स्कॉटिश इतिहास व साहित्य (विद्यापीठीय अध्ययन)

स्कॉटलंडचा इतिहास आणि तेथील साहित्य हे दोन विषय जोडीने शिकण्याची विद्यापीठीय परंपरा. १९११ साली ग्लासगोच्या केल्व्हिनग्रोव्ह उद्यानात राष्ट्रीय इतिहास, कला व उद्योग यांचे भव्य प्रदर्शन भरले. अशा अध्यापनासाठी निधी उभारणे हा त्याचा जाहीर हेतू होता. त्या पैशातून १९१३ मध्ये ग्लासगो विद्यापीठात ‘स्कॉटिश इतिहास व साहित्य’ या नावाचे अध्यासन स्थापन झाले. पहिले प्राध्यापक रॉबर्ट रेट हे इतिहासकार होते आणि त्यांच्यानंतरही या पदावर इतिहासकारच येत राहिले. नावातल्या साहित्याच्या वाट्याला त्यामुळे दुय्यम स्थान आले. स्कॉटिश साहित्याचा स्वतंत्र विभाग तेथे १९७१ मध्येच उभा राहिला.

ही जोडी सोयीपुरती जमवलेली नाही. १७०७ मध्ये इंग्लंडशी झालेल्या एकीकरणात स्कॉटलंडची स्वतंत्र संसद गेली. कायदा, चर्च व शिक्षणव्यवस्था मात्र वेगळ्या राहिल्या. आपण कोण, हा प्रश्न त्यानंतर कवी-कादंबरीकारांनीही हाती घेतला. त्याआधीची साधनेही अशीच गुंतलेली आहेत. जॉन बार्बर या धर्माधिकाऱ्याने १३७० च्या दशकात रचलेले ‘द ब्रूस’ हे दीर्घकाव्य १३१४ च्या बॅनकबर्न लढाईसाठी इतिहासकारांना आजही वाचावे लागते. पण बार्बरने राजा रॉबर्ट ब्रूस आणि गादीवर हक्क सांगणारा त्याचा आजोबा यांना एकच व्यक्ती करून टाकले आहे. ही तफावत नुसती चूक म्हणून बाजूला सारली, तर काव्य हातचे जाते. तिच्याकडे डोळेझाक केली, तर इतिहास. दोन्ही विषय एकत्र शिकणाऱ्याची खरी कसोटी येथेच लागते.

कादंबरीकार वॉल्टर स्कॉटच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो, कारण येथे लेखकच इतिहासाला आकार देतो. १७४५ च्या जॅकोबाइट (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या) उठावावर त्याने ‘वेव्हर्ली’ (१८१४) ही कादंबरी लिहिली आणि १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज याच्या एडिंबरो भेटीचा सारा थाटमाटही त्यानेच आखला. टार्टन (रंगीत चौकड्यांचे कापड) हा अवघ्या देशाचा पोशाख मानला जाऊ लागला, त्यात या समारंभाचा मोठा हात आहे.

भाषांचा प्रश्नही टाळता येत नाही. हायलंड भागातून कुळांना हुसकावून लावल्याचे जमीनदारी हिशेब बहुतांशी इंग्रजीत आहेत, तर कुळांची बाजू गेलिक गाण्यांत. १८८० च्या दशकातील जमीन-आंदोलनाची स्काय बेटावरील कवयित्री मारी व्होर हिची गाणी वगळून १८८६ चा कुळ कायदा शिकवणे हे अपुरे शिक्षण होय. अशा मौखिक साधनांच्या संकलनासाठी एडिंबरो विद्यापीठात १९५१ मध्ये स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज ही संस्था सुरू झाली.

स्कॉटलंडच्या जुन्या विद्यापीठांत कला शाखेची पहिलीच पदवी एम.ए. म्हणवली जाते आणि ऑनर्ससह ती चार वर्षांची असते. पहिल्या दोन वर्षांत अनेक विषय घेता येतात. पुढील दोन वर्षे इतिहास व साहित्य या दोन विषयांना संयुक्त ऑनर्स म्हणून देता येतात.