कात्री नसलेला दिग्दर्शक

सिनेमाच्या दिग्दर्शकाजवळ एक हुकमी हत्यार असते, ते म्हणजे कात्री. नको तो क्षण कापावा, हवा तो लांबवावा. ऑपेरात ही सत्ता त्याच्याकडे नसते. संगीतकाराने शंभर-दीडशे वर्षांपूर्वी वेळेचा हिशेब मांडून ठेवलेला असतो आणि लय वाद्यवृंद चालवणाऱ्याच्या हाती असते. मग सिनेमावाला तिथे जाऊन करतो तरी काय? पोलंडच्या मारिउश त्रेलिन्स्कीची कारकीर्द पाहिली की याचे उत्तर मिळते.

त्रेलिन्स्कीचा जन्म १९६२चा, वॉर्सातला. वुचच्या प्रसिद्ध चित्रपट विद्यालयात तो शिकला. विट्कात्सीच्या कादंबरीवर १९९० साली आणि दोस्तोयेव्स्कीच्या कथेवर १९९५ साली त्याने चित्रपट केले. २००० साली आला 'एगोइश्ची', म्हणजे 'स्वार्थी'. साम्यवाद गेल्यानंतरच्या वॉर्सातल्या सुखवस्तू पण पोकळ तरुणाईचे हे चित्र. तोवर त्याची पावले दुसरीकडे वळलीही होती. १९९९ साली वॉर्साच्या तेआत्र व्येल्कीत त्याने पुच्चीनीची 'मादाम बटरफ्लाय' उभी केली. पंखे, कागदी भिंती असल्या ठरीव जपानी सजावटीपेक्षा रंग, प्रकाश आणि रेषा यांवर त्याची भिस्त होती. नेपथ्य बोरिस कुद्लिच्का या स्लोव्हाक कलावंताचे. ही जोडी पुढे टिकली. प्लासिदो दोमिंगोने हाच प्रयोग २००१ साली वॉशिंग्टनला नेला आणि त्रेलिन्स्कीला जगाची दारे उघडली.

त्याची रीत नीट समजते ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरातल्या २०१५च्या प्रयोगात. चायकोव्हस्कीची 'योलांता' आणि बार्तोकचा 'ब्लूबिअर्डचा किल्ला' या दोन छोट्या ऑपेरा त्याने एकापाठोपाठ एक ठेवल्या. पहिलीतली राजकन्या आंधळी, पण आपण आंधळ्या आहोत हेच तिला कोणी सांगितलेले नाही. दुसरीतली नववधू नवऱ्याच्या घरची सात बंद दारे हट्टाने उघडत जाते. एकीला दृष्टी मिळते. दुसरीला सारे दिसते आणि त्यातच ती अंधारात जाते. त्रेलिन्स्कीने दोन्हींवर १९४०च्या दशकातल्या काळोख्या हॉलिवूडपटांची सावली टाकली. सूर एकही बदलला नाही. बदलला तो शेजार, आणि शेजार बदलला की अर्थ बदलतो. सिनेमाच्या संकलनाचे मर्म तरी दुसरे काय?

याची किंमतही आहे. २०१६ साली त्याच रंगमंचावर त्याने वाग्नरच्या 'ट्रिस्टन आणि इझोल्ड'मधले जहाज आजची युद्धनौका केले. स्टानिस्लाव मोन्युश्कोची 'हाल्का' म्हणजे पोलंडची राष्ट्रीय ऑपेरा. तिचे चार अंकी रूप १८५८ साली वॉर्सात प्रथम सादर झाले. उमरावाने फसवलेल्या डोंगराळ भागातल्या मुलीची ही कथा त्याने २०१९ साली व्हिएन्नात १९७०च्या दशकातल्या हॉटेलात नेली. ज्यांना लोकवेश आणि पर्वतच हवे असतात, त्यांना हे खटकणारच.

त्यांची तक्रार उगाच नाही. चित्र स्वतःचीच गोष्ट सांगू लागले की गाणाऱ्याचा एकटेपणा हिरावला जातो. पण हाल्काचे दुःख वेशात नव्हते, ते तिच्या परिस्थितीत होते. वेश उतरवूनही ते उरत असेल, तर मोन्युश्कोचे संगीत खरेच थोर. वारसा असा तपासून पाहण्याचे धाडस थोडेच करतात.