जीवनसत्त्व-शोषण व लहान आतड्याची कार्यपरीक्षा, प्राण्यांतील

रक्तरसातील विशिष्ट जीवनसत्त्वांच्या पातळीवरून प्राण्याच्या लहान आतड्याची शोषणक्षमता अजमावण्याची पद्धत. कुत्रा व मांजर यांचा जुनाट अतिसार आणि कारणाशिवाय घटणारे वजन यांच्या निदानात ती मुख्यतः वापरतात. आहारातील फोलेट लहान आतड्याच्या अग्रभागात, तर कोबालॅमीन (ब१२ जीवनसत्त्व) अखेरच्या भागात म्हणजे शेषांत्रात शोषले जाते. म्हणून या दोहोंपैकी कशाची पातळी उतरली आहे, यावरून विकाराच्या स्थानाचा अंदाज बांधता येतो.

इतिहास : या परीक्षेची बीजे मानवी रक्तक्षयाच्या संशोधनात आहेत. अमेरिकेत जॉर्ज एच. व्हिपल यांनी रक्त काढून रक्तक्षयी केलेल्या कुत्र्यांना निरनिराळे अन्न देऊन पाहिले, तेव्हा यकृत विशेष गुणकारी ठरले. त्यावरून जॉर्ज आर. मायनट व विल्यम पी. मर्फी यांनी १९२६ मध्ये मारक रक्तक्षयाचे रुग्ण यकृताहाराने बरे केले. तिघांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वास्तविक व्हिपल यांच्या कुत्र्यांत उणीव मुख्यतः लोहाची होती. १९२९ मध्ये विल्यम बी. कॅसल यांनी दाखविले की, अन्नातील गुणकारी द्रव्याबरोबर निरोगी जठरातील एक ‘अंतस्थ घटक’ही आवश्यक असतो. आहारातील उणीव व शोषणातील दोष यांतील भेद यामुळे स्पष्ट होऊ लागला.

ऑस्ट्रेलियातील मेंढ्या खंगविणारा विकार कोबाल्टच्या अभावाने होतो, हे १९३५ मध्ये आढळले. १९४८ मध्ये ब१२ वेगळे करण्यात आले व त्यात कोबाल्ट असल्याचे दिसल्यावर या विकाराचा उलगडा झाला. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटातील सूक्ष्मजंतू कोबाल्टपासून हे जीवनसत्त्व बनवितात.

फोलेटचा शोध मुंबईशी निगडित आहे. ल्यूसी विल्स यांनी १९२८ पासून येथील गरीब गर्भवती स्त्रियांच्या, विशेषतः गिरणी कामगारांच्या, रक्तक्षयाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. निकृष्ट आहार देऊन त्यांनी माकडांतही तसाच रक्तक्षय निर्माण केला. या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फोलेट, हे पुढे स्पष्ट झाले.

परीक्षापद्धती : रॉबर्ट एफ. शिलिंग यांनी १९५३ मध्ये किरणोत्सर्गी कोबाल्टयुक्त ब१२ तोंडावाटे देऊन मूत्रातील त्याचे प्रमाण मोजण्याची परीक्षा मानवासाठी सुचविली. ती आता मागे पडली आहे. जनावरांत मूत्र साठविणे व किरणोत्सर्गी द्रव्य हाताळणे गैरसोयीचे असल्याने रक्तरसातील पातळी मोजणे अधिक सोपे ठरले. इंग्लंडमध्ये रॉजर एम. बॅट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये कुत्र्यांच्या आंत्रविकारांच्या निदानातील या पातळ्यांचे महत्त्व मांडले.

मात्र मानवी निष्कर्ष प्राण्यांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मानवात अंतस्थ घटक जठरातून येतो. कुत्र्यात तो मुख्यतः अग्निपिंडातून (स्वादुपिंडातून) आणि मांजरात केवळ अग्निपिंडातून स्रवतो, असे सुमारे १९९० च्या आगेमागे सिद्ध झाले. त्यामुळे कोबालॅमीन कमी आढळल्यास शेषांत्राबरोबरच अग्निपिंडाचीही तपासणी करावी लागते. जायंट श्नाउझर जातीच्या काही कुत्र्यांत तर शेषांत्रातील ग्राही प्रथिनाच्या आनुवंशिक दोषामुळे केवळ याच जीवनसत्त्वाचे शोषण होत नाही.

मर्यादा : आतड्यातील सूक्ष्मजंतू कोबालॅमीन बळकावतात व फोलेट निर्माण करतात. त्यामुळे कोबालॅमीन कमी व फोलेट अधिक हे जंतूंच्या अतिवाढीचे लक्षण मानले जाई. परंतु त्यावर विसंबणे योग्य नाही, असे पुढील अनुभवाने दिसून आले. तांबड्या पेशींत फोलेट विपुल असल्याने, नमुन्यात त्या फुटल्यास फोलेटची पातळी खोटी वाढलेली दिसते. पातळी प्राकृत असली, तरी आतडे निरोगी असल्याची खात्री देता येत नाही. तथापि कोबालॅमीनची उणीव ओळखणे उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. ती भरून न काढल्यास मूळ विकारावरील उपचारास प्राणी नीट प्रतिसाद देत नाही. याकरिता पूर्वी अंतःक्षेपणेच देत. कुत्र्यांत तोंडावाटे दिलेली मोठी मात्राही उपयुक्त ठरते, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.