आम्ही आणि आपण : कोरकू भाषेच्या अभ्यासाची शंभर वर्षे

१/
चांदूर बाजारच्या उत्तरेला सातपुड्याची रांग आहे. तिच्याच पश्चिमेकडील भागात, चिखलदरा आणि धारणी तालुक्यांत, मेळघाट पसरला आहे. तेथे कोरकू राहतात. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणजे कोरकू याचा अर्थच ‘माणसे’. डोंगरातून उतरणाऱ्या या माणसांना मैदानातील बाजारात वऱ्हाडी बोलावी लागे. त्यांची भाषा लिहून काढण्यासाठी मात्र माणसे फार दुरून आली.

२/
कोरकू मराठीच्या कुळातली नाही आणि शेजारच्या गोंडीच्याही नाही. संथाळी, मुंडारी, हो या पूर्व भारतातील मुंडा भाषा तिच्या सख्ख्या बहिणी. त्या कुळातील ही सर्वांत पश्चिमेकडची भाषा. २०११ च्या जनगणनेत तिचे भाषक सव्वासात लाखांच्या आसपास होते. संस्कृतातले द्विवचन मराठीत उरले नाही. कोरकूत द्विवचन रोजच्या बोलण्यात आहे. शिवाय ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’ हा मराठीतला भेद कोरकूही पाळते.

३/
१९०३ साली जॉन ड्रेक या मिशनऱ्याने लिहिलेले कोरकूचे व्याकरण कलकत्त्यात छापले गेले. हेतू उघड होता: धर्मोपदेश ज्यांना करायचा त्यांची भाषा उपदेशकाला यावी.

४/
१९०६ मध्ये ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा चौथा खंड निघाला. त्यात नॉर्वेचे स्टेन कोनो यांनी कोरकूची नोंद मुंडा भाषांमध्ये केली. या सर्वेक्षणासाठी बायबलमधील उधळ्या पुत्राची गोष्ट भाषेभाषेत उतरवून सरकारी अधिकाऱ्यांमार्फत मागवली जाई. भाषा स्थानिक लोकांची, पण गोष्ट परक्यांनी निवडलेली.

५/
१९६० मध्ये नॉर्मन झाइड यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कोरकूच्या ध्वनिव्यवस्थेवर डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. येथे राज्य चालवणे नव्हते, धर्मप्रसारही नव्हता. होती शुद्ध जिज्ञासा. असा प्रबंध एकट्याने होत नाही. कोणीतरी तोच शब्द पुन्हा पुन्हा, न कंटाळता उच्चारून दाखवावा लागतो. विद्यार्थ्याचा खरा शिक्षक तो असतो. पदवी मात्र विद्यार्थ्याच्या नावावर जमा होते.

६/
१९९९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. एस. नागराज यांचा व्याकरण, उतारे आणि शब्दसंग्रह असलेला ग्रंथ आला. तो प्रसिद्ध झाला टोकियोत.

७/
कलकत्ता, फिलाडेल्फिया, टोकियो. कोरकू जगभर पोहोचली. पण मेळघाटातील मूल शाळेत गेले की त्याच्यासमोर धडा येई तो मराठीतला. यात त्या अभ्यासकांचा दोष शोधणे अन्यायाचे ठरेल. त्यांनी भाषेची जी नोंद केली, ती दुसऱ्या कोणी केली नसती. तरीही एक गोष्ट उरतेच: प्रश्न बाहेर ठरला, उत्तर डोंगरातून गेले.

८/
याच डोंगरात उलट्या दिशेचा प्रवासही झाला. शेगावचे रवींद्र कोल्हे १९८० च्या दशकात नागपुरातून एम.बी.बी.एस. होऊन धारणी तालुक्यातील बैरागडला गेले. हाती असलेली पदवी तेथे अपुरी पडते, हे रुग्णांनीच त्यांना दाखवून दिले. म्हणून ते पुन्हा विद्यार्थी झाले, रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्रात एम.डी. केले आणि पत्नी डॉ. स्मिता यांच्यासह बैरागडलाच परतले. पुढे गावकऱ्यांचे प्रश्न पिकांचे आणि गुराढोरांचे निघाले, तेव्हा त्यांनी त्याचाही अभ्यास केला. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.

९/
येथे प्रश्न गावाने दिला, उत्तर शोधायला विद्यार्थी विद्यापीठात गेला आणि ते घेऊन परत आला. पदव्युत्तर शिक्षण दोन्हीकडे होते. फरक पडला तो परतण्याने. आदिवासी समाजावर प्रबंध लिहू पाहणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला कोरकूचे व्याकरणच एक कसोटी देते. गावकरी त्याच्याशी बोलताना ‘आम्ही’ म्हणतात की ‘आपण’, हे त्याने कान देऊन ऐकावे.